बोअरचं पाणी आणि सौलोसी : टाकीच्या नोंदी

९ नोव्हेंबर

माशांच्या टाकीची जागा ठरली. हॉलमध्ये पूर्वेच्या खिडकीजवळ, कॉलमला लागून. टाकी ४ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. काठोकाठ भरली तर अडीचशे लिटर. दगड-वाळू घालून प्रत्यक्ष पाणी राहील २०० लिटरच्या आसपास. काच, पाणी, दगड सगळं धरून साडेतीनशे किलोच्या पुढे वजन, म्हणून बाजारातलं तयार स्टँड घ्यायचं नाही.

उद्यमनगरात मिस्त्रींकडे काम टाकलं. दीड इंची चौकोनी पाइप, मधे दोन आडवे आधार, वर १९ मिमी प्लाय, त्यावर अर्ध्या इंचाचा थर्माकोल. मिस्त्री म्हणाले, "साहेब, ह्यावर दोन बुलेट उभ्या केल्या तरी हलायचं नाही." मला तेवढंच हवंय. लेव्हल नळीने तपासून द्या म्हणून दोनदा सांगून आलो.

मासा आधीच ठरलेला आहे आणि एकच जात: सौलोसी, म्हणजे चिंडोंगो सौलोसी. आफ्रिकेतल्या मलावी सरोवरात खडकांवर राहणाऱ्या सिक्लिड कुळातल्या माशांना तिथे म्बुना म्हणतात, त्यातलाच हा एक. वाढून तीन-साडेतीन इंचांचा होतो, त्यामुळे चार फुटी टाकी त्याला पुरते. पिल्लं सगळी पिवळी, माद्या आयुष्यभर पिवळ्या, आणि नर मोठे होताना निळे होतात, अंगावर काळे उभे पट्टे येतात. एकाच जातीची टाकी, पण दिसायला दोन जातींची.

दुकानात 'मिक्स आफ्रिकन' म्हणून एका टाकीत दहा प्रकार भरून ठेवलेले असतात. तसं करायचं नाही हे पक्कं. म्बुना एकमेकांशी सहज संकर करतात, आणि एकदा पिल्लं भेसळ झाली की ती कुठल्याच जातीची राहत नाहीत. सौलोसीचं मूळ घर म्हणजे चिझुमुलू बेटाजवळचा तैवानी नावाचा एक खडक. एवढ्याशा जागेत राहणारा हा मासा शोभेच्या माशांच्या व्यापारासाठी झालेल्या धरपकडीमुळे आज अतिसंकटग्रस्त यादीत आहे. घरोघरच्या टाक्यांत जी वंशावळ शिल्लक आहे ती निदान चोख राहावी, एवढं तर आपल्या हातात आहे.

१६ नोव्हेंबर

दगडांचा दिवस. आपल्याकडे काळा कातळ ढिगाने मिळतो, पण बेसॉल्ट पाण्यात काही सोडत नाही आणि काही घेतही नाही. वजनदार आणि छान दिसतो, म्हणून मागच्या बाजूला तोच रचणार. पुढच्या गुहांसाठी शहाबादी फरशीचे तुकडे आणले. एका घराचं जुनं अंगण उकरत होते, तिथून टेम्पोवाल्याने पोतंभर दिले. शहाबादी म्हणजे चुनखडक. खात्री करायला तुटलेल्या कडेवर लिंबू पिळलं. बारीक फेस आला, कान जवळ नेला तर चुरचुर ऐकू येते. काळ्या दगडावर तेच लिंबू नुसतं ओघळून गेलं.

हे दगड पाण्याचा पीएच एका रात्रीत वर नेतील अशी अपेक्षा नाही. पाणी आधीच अल्कधर्मी असलं की चुनखडक फार हळू विरघळतो. पण पाणी आम्लाकडे झुकायला लागलं तर तो हळूहळू सावरतो.

एक गोष्ट फार महत्त्वाची, म्हणून लिहून ठेवतो. दगड आधी टाकीच्या तळाच्या काचेवर टेकवायचे (खाली प्लास्टिकची जाळी घालून) आणि वाळू नंतर भरायची. हे मासे दिवसभर वाळू उकरतात. दगड वाळूवर ठेवला तर एक दिवस त्याच्या बुडाखालचं सगळं उपसलं जाणार, आणि दगड माशावर किंवा काचेवर येणार.

२० नोव्हेंबर

आज पाण्याची तपासणी. ही नोंद मोठी होणार.

नळाचं पाणी: पीएच ७.४, जीएच (कॅल्शियम-मॅग्नेशियमचा कडकपणा) ४, केएच (पीएच घसरू न देणारा बायकार्बोनेटचा साठा) ४. सोसायटीच्या बोअरचं: पीएच ७.९, जीएच २०, केएच १४, नायट्रेट २५.

बोअरच्या पाण्याला आमच्या इमारतीत कुणी नाव ठेवायचं बाकी ठेवलेलं नाही. आई म्हणते त्यात तुरीची डाळ शिजत नाही. गिझरची कॉइल दोन वर्षांत पांढरी फटक होते, आंघोळीला साबणाचा फेस येत नाही. पण डाळ शिजू न देणारा तोच कॅल्शियम-मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेटचा साठा मला हवा आहे.

मात्र 'आफ्रिकन म्हणजे कडक पाणी' हे जे सरसकट सांगतात, ते मलावीला तितकंसं लागू नाही. सरोवराचा पीएच ७.७ ते ८.६. पण तिथलं पाणी फार जड नाही. जीएच ४-५, केएच ६-७ च्या आसपास. टांगानिका सरोवर त्याहून कडक. म्हणजे नुसतं बोअरचं पाणी भरणं हासुद्धा अतिरेकच, आणि त्यातलं नायट्रेट पहिल्याच दिवशी टाकीत येणार ते वेगळंच.

गणित सोपं आहे. एक बादली बोअर, दोन बादल्या नळ. केएच येतो ७ च्या थोडा वर, जीएच ९-१०, नायट्रेट ८. मिश्रण करून २४ तास हवा सोडून ठेवलं, पीएच ८.१ वर थांबला. खाण्याचा सोडा नाही, एप्सम मीठ नाही, पीएच स्थिर ठेवणाऱ्या परदेशी बफरची डबी नाही. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारायला हायपोचे दोन-चार खडे, एवढंच.

इतक्या दिवसांच्या वाचनातून माझ्या हाती लागलेली सगळ्यात मोठी गोष्ट ही. आपल्या दारातलं पाणी आधी मोजावं आणि मग काय विकत घ्यायचं ते ठरवावं.

२४ नोव्हेंबर

टाकी भरली. मासे न घालता टाकीची सायकल, म्हणजे घाण पचवणाऱ्या जिवाणूंची वसाहत, सुरू करायची आहे. माशांच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो. एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट. ही वसाहत फिल्टरमध्ये बसायला चार-पाच आठवडे लागतात. तोपर्यंत जिवाणूंना खायला अमोनिया मी देणार.

त्यासाठी नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराइड. कल्हईवाल्याकडचा खडा पाहिला, पण मळकट वाटला. शेवटी प्रयोगशाळेची रसायनं विकणाऱ्या दुकानातून बाटली आणली. २०० लिटरला सव्वा ग्रॅम टाकला की अमोनिया साधारण २ पीपीएम (लिटरमागे २ मिलिग्रॅम) होतो. घरच्या काट्यावर सव्वा ग्रॅम दिसतच नाही. गुजरीत एका मित्राचं सराफी दुकान आहे, त्याच्या काट्यावर दहा पुड्या बांधून आणल्या. तो म्हणाला, "आजवर या काट्यावर माशांचं सामान कुणी मोजलं नव्हतं."

फिल्टर कॅनिस्टर आहे, म्हणजे पंप लावलेला बंद डबा. त्यात विकतच्या रिंगांबरोबर जुन्या मंगलोरी कौलाचे बोराएवढे तुकडे भरलेत. भाजलेली माती सच्छिद्र असते, जिवाणूंना बसायला जागा मिळते.

१३ डिसेंबर

अमोनिया दोन दिवसांत शून्यावर येतोय. नायट्राइटच्या तपासणीची नळी मात्र गर्द जांभळी, म्हणजे ते अजून भरपूर आहे. थांबायचं.

२९ डिसेंबर

काल रात्री पुडी टाकली, आज रात्री अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. सलग तिसऱ्यांदा. बसली वसाहत.

मलावीच्या माशांबाबत या बाबतीत घाई अजिबात परवडत नाही, त्याचं कारण पीएच. पाण्यातल्या एकूण अमोनियाचा जो भाग खरा विषारी असतो, तो पीएच ७ ला शंभरात एकसुद्धा नसतो. पीएच ८ ला तो पाचाच्या वर जातो आणि साडेआठला पंधरापर्यंत. गोल्डफिश ज्या चुकीत कसाबसा तगून जातो, त्याच चुकीत म्बुना मरतो.

उद्या अर्ध्याहून जास्त पाणी बदलून नायट्रेट खाली आणायचं, आणि मग पिल्लांची ऑर्डर.

५ जानेवारी

आली.

पहाटे साडेपाचला तावडे हॉटेलच्या चौकात ट्रॅव्हल्सची वाट बघत उभा होतो. धाकटी हट्टाने आलेली, कानटोपी घालून. थंडी चांगलीच, त्यामुळे बॉक्समधलं पाणी किती गार झालं असेल याचीच काळजी. थर्माकोलच्या खोक्यात तीन पिशव्या, ऑक्सिजन भरलेल्या, प्रत्येकीत सहा पिल्लं. पिशवीतलं पाणी २१ अंश, टाकी २६.

पिशव्या अर्धा तास तरंगत ठेवल्या. तोंड उघडल्यावर मात्र फार वेळ घालवला नाही. लांबच्या प्रवासात पिशवीतल्या पाण्यात अमोनिया साठलेला असतो आणि पीएच उतरलेला असतो. त्यात आपलं अल्कधर्मी पाणी थेंबाथेंबाने मिसळत बसलं, तर तोच अमोनिया पिशवीतच विषारी व्हायला लागतो. थोडं पाणी घातलं, जाळीने मासे उचलून टाकीत सोडले, पिशवीतलं पाणी मोरीत ओतलं.

अठराच्या अठरा जिवंत. इंचभर लांबी, पिकल्या हळकुंडासारखा पिवळा रंग. सोडल्याबरोबर शहाबादीच्या कपारींत गडप. तासाभराने एकेक तोंड बाहेर आलं. शाळेची वेळ झाली तरी धाकटी काचेपुढून हलेना.

२७ जानेवारी

खिडकीच्या उन्हाने दगडांवर शेवाळाची हिरवी साय धरलीय. इतर टाक्यांत हे घासून काढतात. इथे मी ते जपतोय. म्बुना सरोवरात दगडावरचं हे शेवाळ आणि त्यात राहणारे बारीक जीव खरवडून जगतात. पिल्लं दिवसभर दगडाला तोंड लावून असतात. खाणं दिवसातून दोनदा, स्पिरुलिना या शेवाळाचे दाणे, एका मिनिटात संपेल इतकंच.

२३ फेब्रुवारी

एकाच्या अंगावर सावली आलीय. सकाळी वाटलं आजारी आहे. संध्याकाळी टाकीचा दिवा विझवून, टॉर्च तिरपी धरून पाहिलं. पिवळ्याच्या खालून राखाडी निळा वर येतोय, आणि पाठीवरून पाच-सहा पुसट पट्टे उतरतायत. कल्ल्यापाशी अजून पूर्ण पिवळा आहे. नर ठरला.

१६ मार्च

दोन गेले. चूक माझी.

दुकानात गोठवलेल्या ब्लडवर्मची (लाल अळ्यांची) पाटी मिळाली. नरांचा रंग खुलतो असं सांगण्यात आलं आणि मी ते ऐकलं. सलग पाच दिवस दिलं. सहाव्या दिवशी एक मादी खाण्याला वर आली नाही. कोपऱ्यात, हीटरच्या मागे, श्वास जोरात. शेपटीजवळ पांढरा, दोऱ्यासारखा, चिवट धागा लोंबत होता. दुसऱ्या दिवशी पोट फुगलेलं, आणि आणखी एक तशीच. मेट्रोनिडॅझोल मिसळलेले दाणे दिले, पण खाणंच बंद झालेल्या माशाच्या पोटात औषध जाणार कसं? वेगळ्या टाकीत पाण्यातूनही औषध दिलं. उशीर झाला होता.

याला मलावी ब्लोट म्हणतात. या माशांचं आतडं लांब असतं, शेवाळ पचवण्यासाठी घडलेलं. त्यात रोज मांसाहार गेला, वर टाकीतल्या मारामारीचा ताण असला, की पचनाचं सगळं बिघडतं. मला हे वाचून माहीत होतं, आणि तरी पाटी आणली. उरलेली पाटी टाकून दिली.

आजपासून घरचं खाणं. उकडलेला मटार सालं काढून, वाफवलेला पालक, स्पिरुलिना पावडर, सगळं वाटून जिलेटीनमध्ये बसवायचं आणि वड्या पाडून फ्रीझरला.

१२ एप्रिल

काल वळीव. चार वाजता टाकीचं पाणी ३१ अंशांवर होतं, वर पंखा लावलेला. पंख्याने बाष्पीभवन वाढतं आणि दोन-अडीच अंश खाली येतात. साडेपाचला वारा सुटला, पावणेसहाला वीज गेली. पंखा बंद, फिल्टर बंद.

पाणी जितकं गरम तितका त्यात ऑक्सिजन कमी मावतो. सातपर्यंत सगळे मासे पृष्ठभागाशी, तोंडं वर करून. सेलवर चालणारा हवेचा पंप होता, पण एवढ्या पाण्याला तो अपुरा. मग मी आणि धाकटीने पाळीपाळीने तांब्याने पाणी उचलून वीतभर उंचीवरून परत ओतायला सुरुवात केली. आईने जेवायला हाक मारली तर धाकटी म्हणाली, "आज्जी, तू पण ये, हात दुखतायत." आई आली. मेणबत्तीच्या उजेडात तिघं पावणेअकरापर्यंत. एकही मासा गेला नाही.

वीज आल्यावर फिल्टर लगेच चालू केला नाही. बंद डब्यात पाच तास साचलेल्या पाण्यातला ऑक्सिजन संपतो, जिवाणू मरायला लागतात. तेच पाणी पंपाने टाकीत गेलं तर वाचलेले मासे त्याने जातील. डबा उघडला तर गटारासारखा वास. ते पाणी फेकलं, कौलं टाकीतल्या पाण्यात हलकेच खळबळून घेतली, मग चालू केला. आज अमोनिया थोडा दिसला, तिसरा हिस्सा पाणी बदललं.

हवेच्या पंपासाठी इन्व्हर्टरवरून स्वतंत्र वायर ओढून घेणार. हे आधीच करायला हवं होतं.

४ मे

सोळांत सहा नर निघाले. मोठा नर मधल्या फरशीखालचा मालक झालाय. अंग गर्द निळं, पट्टे काळेभोर. बाकीच्या नरांनी त्याच्यासमोर आपला निळा रंग मावळवून पुन्हा पिवळट ठेवलाय, म्हणजे मार बसत नाही. एकाला तेही जमलं नाही. फिल्टरच्या नळीमागे उभा सापडला, शेपटीच्या चिंध्या.

दगडांची सगळी मांडणी मोडून नव्याने रचली, म्हणजे सगळ्यांच्या हद्दी पुसल्या जातात. आणि तीन नर कमी करायचं ठरवलं.

शेजारचे काका म्हणाले, "रंकाळ्यात सोडा की. जगतील बिचारे." मनाने भला माणूस. त्यांना बसवून सांगितलं. चिलापी खाता ना, तीही आफ्रिकेचीच, यांच्याच कुळातली. मोझांबिकची तिलापिया १९५२ साली भारतात आणली. आता उजनीच्या जाळ्यात चिलापीच चिलापी. उलटंही झालंय. व्हिक्टोरिया सरोवरात १९५० च्या दशकात नाइल पर्च सोडला, आणि तिथल्या शेकडो सिक्लिड जातींचा फडशा पडला. आपल्याही देशात या कुळातले मासे आहेत, कोकणातल्या खाडीतली काळुंदर त्यांतलीच. पाहुण्याने घरच्यांना हुसकावू नये. काका म्हणाले, "मग द्या कुणाला तरी पाळायला." तेच केलं. इचलकरंजीत एकाकडे नुसत्या सौलोसींची टाकी आहे, तिघं तिकडे गेले.

२३ मे

मोठ्या माद्यांपैकी एकीचा गळा फुगला होता, तोंडात अंडी धरलेली. तिसऱ्या दिवशी पुन्हा सपाट. अंडी गिळली. पहिल्या वेळी असं होतंच.

२२ जून

आज सगळं डोळ्यांदेखत झालं. सकाळी सात ते आठ, कामाला उशिरा गेलो.

नराने फरशीपुढे वाळूत बशीएवढा खळगा केला होता. मादी आली. दोघं एकमेकांच्या शेपटीशी तोंड धरून गोल फिरायला लागले. नर मधेच अंग थरथरवायचा, सगळे पंख ताणून. मादीने एक अंडं टाकलं, मोहरीहून मोठं, पिवळसर, आणि क्षणात वळून तोंडात घेतलं. मग ती नराच्या पोटाखालच्या पंखाशी तोंड नेऊन टोचायची. त्या पंखावर अंड्यासारखाच पिवळा गोल ठिपका असतो. विकलर या जर्मन शास्त्रज्ञाने १९६२ मध्ये मांडलं की मादी या ठिपक्यांना अंडी समजून उचलायला जाते, तेवढ्यात नर शुक्र सोडतो, आणि अंडी तिच्या तोंडातच फळतात. त्यामागे ठिपक्याचा वाटा नेमका किती, यावर अजून वाद आहे. मी जे पाहिलं ते एवढंच की ती प्रत्येक वेळी ठिपक्यापाशीच गेली.

आता ती काही खाणार नाही. गळ्याची पिशवी भरलीय आणि दर काही सेकंदांनी जबडा चावल्यासारखा हलतो. अंडी उलटीपालटी करते.

९ जुलै

मादीला पंधरा लिटरच्या छोट्या टाकीत हलवलं, रात्री, दिवा बंद करून, जाळीऐवजी मोठ्या भांड्याने. घाबरली तर पिल्लं थुंकून टाकते. छोट्या टाकीतला फिल्टरचा स्पंज महिनाभर मोठ्या टाकीतच मुरवला होता, म्हणजे त्यात जिवाणू आधीच बसलेले.

१२ जुलै

सोडली पिल्लं. विसाव्या दिवशी. सकाळी मादीने तोंड उघडलं आणि एक, मग तीन, मग सगळीच बाहेर. एकेक सेंटिमीटर, पूर्ण पिवळी, डोळे अंगाच्या मानाने केवढे मोठे. धाकटी म्हणते सतरा, माझ्या मोजणीत सोळा. मी काचेजवळ बोट नेलं तर मादी पुढे आली आणि दोन पिल्लं परत तिच्या तोंडात शिरली.

मादीची पाठ उतरलीय, वीस दिवसांचा उपास. तिला दोन दिवस इथेच खाऊ घालून मग मोठ्या टाकीत पाठवणार. पिल्लांना स्पिरुलिनाचे दाणे खलात कुटून, चिमटीचिमटीने, दिवसातून चारदा.

या जातीचं नाव सौलोस म्वाले या माणसाच्या नावावरून पडलंय. धाकटीने ते वहीत लिहून घेतलं आणि विचारलं, त्यांना कळवता येईल का, की आपल्याकडे सोळा झाले. सतरा, असं तिने खोडून केलं.

१५ जुलै

पावसाचा जोर. नळाचं पाणी गढूळ, क्लोरीनचा वास नाकात बसतोय. तपासलं तर नळाचा केएच ४ वरून २ वर. नदीत पावसाचं मऊ पाणी मिसळलंय, आणि गाळ बसवायला तुरटी पडते, तीही केएच खाते. जुन्या प्रमाणाने टाकीत केएच ६ च येणार, आणि पुढे आणखी उतरला तर पीएच घसरायला वेळ लागणार नाही. प्रमाण बदललं: आता दोन बादल्या बोअर, तीन बादल्या नळ. पुन्हा ७ च्या जवळ. नळाच्या बादलीत हायपोही थोडं वाढवलं. आता दर आठवड्याला दोन्ही पाणी मोजायचं, पाऊस संपेपर्यंत.

आणखी एका मादीचा गळा फुगलाय. पिल्लं सतराच आहेत, आज तीन वेळा मोजली. उद्या त्यांचं पाच लिटर पाणी बदलायचं. बोअरची बादली आताच भरून हॉलमध्ये आणून ठेवली, म्हणजे सकाळपर्यंत टाकीच्या तापमानाला येईल.